पाव, पाऊण, पावणेदोन : मुलांस अपूर्णांकांची ओळख

या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, असा कार्यकारी मंडळाचा निरोप आला. संस्थेच्या वाटचालीवर आणि देणगीदारांच्या ऋणावर लिहिणारे अधिक समर्थ सभासद आपल्यांत आहेत. आम्ही संध्याकाळी पाचवी ते सातवीच्या मुलांचा गणिताचा वर्ग चालवितो. त्या वर्गात जो विषय सर्वांत अधिक अडतो त्याविषयी घरोघरच्या आईवडिलांशी आणि आजीआजोबांशी चार शब्द बोलावे, एवढाच आमचा हेतू आहे. तो विषय म्हणजे अपूर्णांक. नाव ऐकताच पाने उलटू नयेत, एवढी विनंती.

प्रथम बाजारातील एक दृश्य पाहू. आजी मासळी घेण्यास जाते आणि "सव्वा किलो दे गो" म्हणते. मासळीवालीच्या विजेच्या काट्यावर १.२५० असे आकडे उमटतात. बरोबर आलेला नातू पाचवीत आहे. त्याच्या वहीत हेच माप एका ओळीत १ १/४ असे आहे आणि पुढच्या ओळीत ५/४ असे. माप एक आणि वेष चार. आजीला पहिला वेष ओळखीचा, काट्याला दुसरा, वहीला उरलेले दोन. हे चारही एकच आहेत, हे मात्र त्या मुलास कोणी सांगितलेले नसते. तो बाजारात आजीचे ऐकतो, शाळेत गुरुजींचे ऐकतो, आणि दोन्ही गोष्टी डोक्याच्या दोन निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतो.

आपल्या भागात यात आणखी एक अडचण आहे. बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीत गेली की गणित इंग्रजीत सुरू होते. नेमक्या त्याच सुमारास अपूर्णांकांचे प्रकार येतात. चौथीपर्यंत ज्यास अंश आणि छेद म्हटले ते न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर होतात. त्यांच्या मागून प्रॉपर, इम्प्रॉपर आणि मिक्स्ड ही मंडळी येतात. आमच्या वर्गातील एका मुलाने ७/४ हे उत्तर बरोबर काढले होते. पण आम्ही वही तपासायला घेतली तेव्हा ते खोडून त्याने ४/७ केलेले होते. असे का केलेस म्हणून विचारले तर म्हणाला, "सर, इम्प्रॉपर आले होते, म्हणून प्रॉपर केले." त्याचा तर्क चुकीचा म्हणवत नाही. इम्प्रॉपर म्हणजे अयोग्य, एवढे इंग्रजी त्यास येत होते. नाव ठेवणाऱ्यानेच त्यास चकविले.

आपली मराठी नावे या बाबतीत सरळ आहेत. ज्यात छेद अधिक तो छेदाधिक अपूर्णांक : ३/४, २/५, ७/८. ज्यात अंश अधिक तो अंशाधिक : ५/४, ७/४, ९/२. ज्यात पूर्ण संख्या आणि अपूर्णांक शेजारी बसले आहेत तो पूर्णांकयुक्त : १ १/४, २ १/२. नावातच व्याख्या आहे आणि कोणाच्या अंगी दोष लावलेला नाही. म्हणून आम्ही इंग्रजी माध्यमातील मुलांसही आधी ही नावे सांगतो, त्यांचा अर्थ उलगडतो आणि मग इंग्रजी नाव त्यावर चिठ्ठीसारखे चिकटवितो. हा भाषाभिमानाचा प्रश्न नव्हे. जे नाव वस्तू दाखविते ते प्रथम सांगावे, इतकेच.

परंतु केवळ नावांनीही काम भागत नाही. वर कोण, खाली कोण, मोठा कोण, एवढे पाहून प्रकार ओळखायला मूल एका दिवसात शिकते आणि गुण मिळविते. मग त्याच मुलास विचारावे की ७/८ हा एकाच्या जवळ आहे की अर्ध्याच्या, तर ते छताकडे पाहते. आमच्या मते प्रकार ओळखण्याचा खरा प्रश्न एकच आहे : हे एकापेक्षा कमी आहे, एकाएवढे आहे, की एकापेक्षा जास्त आहे? छेदाधिक म्हणजे अजून एक भरलेला नाही. अंशाधिक म्हणजे एक भरून वर उरले. पूर्णांकयुक्त हा निराळ्या जातीचा प्राणीच नव्हे. अंशाधिकालाच आपण भरलेले आणि उरलेले असे वेगळे मांडून दाखविले की तो होतो. ७/४ आणि १ ३/४ ही एकाच माणसाची दोन नावे, एक शाळेच्या हजेरीपटावरचे आणि एक घरचे.

ही गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीस वेगळी शिकवावी लागली नाही, कारण ती त्यांच्या जिभेवर होती. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणवून घेत. औट म्हणजे साडेतीन. माणसाचा देह औट हात, असे जुनी माणसे म्हणत ते हेच. पोर्तुगीज अमलात पेडण्यासारख्या नव्या काबिजादीत मराठी शिक्षण बव्हंशी लोकांच्या खासगी प्रयत्नांवर चालले, आणि त्या शिक्षणात हे पाढे म्हणजे दुकानदारीचा, शेतीच्या हिशेबाचा पाया होता. पावकीचा क्रम आठवून पाहावा : पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. सातव्या पायरीवर मूल सात पाव म्हणजे पावणेदोन असे म्हणते तेव्हा ते ७/४ चे १ ३/४ करीत असते. अंशाधिकाचे पूर्णांकयुक्तात रूपांतर, हा आज सहावीच्या परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न, त्या काळचे आठ वर्षांचे मूल झोपेत म्हणत असे.

लिहिण्याची रीतही पाहण्याजोगी होती. हिशेबाच्या वहीत पावासाठी एक उभा दंड, अर्ध्यासाठी दोन, पाऊणासाठी तीन. सव्वा म्हणजे १।, दीड म्हणजे १॥ आणि पावणेदोन म्हणजे १॥।. येथे एक गंमत आहे, ती मुलांना दाखविली की फार आवडते. हात लिहितो एक आणि वर तीन पाव; जीभ म्हणते दोनाला पाव कमी. हात मिळवितो आणि जीभ वजा करते, आणि दोघेही एकाच ठिकाणी पोहोचतात. सव्वा हा शब्द सपाद यावरून आला, म्हणजे पावासह. पाऊण हा पादोन यावरून, म्हणजे पाव उणे. अडीच हा अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. आपले शब्दच मिळवणी आणि वजाबाकी पोटात घेऊन हिंडत आहेत.

भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली तेव्हा अपूर्णांकांचे, म्हणजे त्यांच्या भाषेत भिन्नांचे, चार प्रकार सांगितले. साधे भाग तो भागजाति. भागाचा भाग तो प्रभागजाति. पूर्णात भाग मिळविलेला तो भागानुबंध. पूर्णातून भाग काढलेला तो भागापवाह. शेवटच्या दोहोंसाठी जे उदाहरण दिले आहे त्यात दोनास पाव अधिक आणि तिनास पाव उणे यांची रूपे विचारली आहेत. सव्वादोन आणि पावणेतीनच की! आज जगभरच्या शाळांतून पूर्णांकयुक्त अपूर्णांक शिकवितात, म्हणजे मिळवणीचा प्रकार; वजाबाकीचा प्रकार कोणी शिकवीत नाही. आपल्या मुलास तो घरीच ऐकायला मिळतो. घड्याळ पाहून पावणेसात वाजले म्हणणारे मूल भागापवाह जाणते. फक्त त्यास ते ठाऊक नाही.

जुन्याची इतकी स्तुती केल्यावर त्याचे उणेही सांगितले पाहिजे. पावकी-निमकीची सत्ता पाव, अर्धा आणि पाऊण यांच्यापुरती. २/३ किंवा ३/७ समोर आला की ते सारे पाठांतर गप्प बसते. शिवाय अर्थ न कळता घोकलेले पाढे विसरले म्हणजे काहीच शिल्लक राहत नाही. मुलांना पुन्हा औटकी घोकायला लावावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या शब्दांवर ते पाढे उभे होते ते शब्द घरात बोलले जावेत, एवढेच आम्हांस हवे आहे. कारण ते शब्द ज्या वस्तूंच्या आधाराने जगत होते त्या वस्तू एकेक करून गेल्या. पोर्तुगीज रुपयाचे सोळा तांगे, तांग्याचे साठ रेइस. तांग्याचा चौथा भाग, आठवा भाग अशी तांब्याची नाणी होती. १९५८ साली येथे एस्कुदो आला, त्याचे शंभर सेंताव्ह. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आला, तोही १९५७ पासून शंभर पैशांचा झालेला. शेर गेला आणि त्याबरोबर पावशेर आणि अदपावही व्यवहारातून गेले. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून रद्द झाले. आजच्या पाचवीतील मुलाने पावली हातात धरलेली नाही. त्यास पाव म्हटले की पोदेराचा पाव आठवतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो पाव पोर्तुगीज भाषेतून आला आणि हा संस्कृत पाद शब्दापासून.

आता वर्गात आम्ही काय करतो ते सांगतो. काथ्याची तीन मीटर दोरी भिंतीवर आडवी बांधली आहे. आरंभी एक गाठ, मग प्रत्येक मीटरवर एक गाठ : शून्य, एक, दोन, तीन. दोन गाठींमधील अंतराचे चार सारखे भाग करून तेथे रंगीत चिंध्या बांधल्या आहेत. मुलांच्या हाती पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या देतो आणि त्या आपापल्या जागी अडकवायला सांगतो. ३/४ ची चिठ्ठी पहिल्या गाठीच्या अलीकडे जाते. ५/४ ची पलीकडे. ४/४ ची चिठ्ठी ज्याच्या हाती येते तो थोडा गोंधळतो आणि मग नेमकी गाठीवरच अडकवितो. (इंग्रजी पुस्तके ४/४ ची गणना इम्प्रॉपरमध्येच करतात, आपल्या नावाचा शब्दशः अर्थ घेतला तर येथे अंश अधिक नाही, बरोबरीचा आहे. परीक्षेत आपल्या पुस्तकात असेल तसे लिहावे आणि वाद वर्गाबाहेर घालावा.) मग एखादी मुलगी १ ३/४ ची चिठ्ठी घेऊन येते आणि त्या जागी ७/४ आधीच लटकत असतो. "सर, इथे जागा नाही," ती म्हणते. आम्ही काही बोलत नाही. थोड्या वेळाने ती एकाच चिंधीला दोन्ही चिठ्ठ्या बांधते. त्या दिवशी जे शिकायचे ते शिकून झालेले असते.

दोरीवर एक दुसरा रोगही बरा होतो. १/३ मोठा की १/४, असे विचारल्यास पुष्कळ मुले १/४ म्हणतात, कारण चार हा तिनापेक्षा मोठा. मुलेच असे करतात असे नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमारास ए अँड डब्ल्यू नावाच्या खाद्यगृहांनी प्रतिस्पर्ध्याच्या पाव पौंडाच्या बर्गरशी टक्कर देण्यासाठी त्याच किंमतीत एक-तृतीयांश पौंडाचा बर्गर विकायला काढला. तो चालला नाही. त्या कंपनीचे तेव्हाचे मालक आल्फ्रेड टॉबमन यांनी आपल्या आत्मचरित्रात कारण लिहिले आहे : तीन हा चारापेक्षा लहान, तेव्हा आपल्याला कमी माल देऊन तेवढेच पैसे घेतात, अशी गिऱ्हाइकांची समजूत झाली. छेद म्हणजे तुकडे किती केले. तुकडे जास्त तर तुकडा लहान. रापणीवर ज्याने मासळीचे वाटे पडताना पाहिले आहेत त्यास हे सांगावे लागत नाही. वाटेकरी वाढले की वाटा घटतो.

आणखी एक खबरदारी. कशाचा पाव, हे नेहमी विचारावे. मोठ्या नारळाचा अर्धा आणि लहान नारळाचा अर्धा सारखे नव्हेत. आणि दोन आकड्यांत तिरकी रेघ दिसली की तो अपूर्णांक, असेही नव्हे. तेरेखोलपलीकडे सिंधुदुर्गात जमिनीच्या उताऱ्यावर ७/१२ लिहितात, ते नमुन्यांचे क्रमांक आहेत. आपल्याकडच्या एक-चौदाच्या उताऱ्याचेही तसेच. एका मुलाने आम्हांस सातबारा हा छेदाधिक अपूर्णांक आहे असे अगदी बरोबर ओळखून सांगितले होते!

जमिनीचा विषय निघाला म्हणून सांगतो. सममूल्य अपूर्णांक ही गोष्ट परीक्षेपुरती नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला आणि पुढे २०१२ च्या गोव्याच्या वारसाविषयक कायद्यात उतरलेला नियम असा की, पतिपत्नींनी लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसला तर मालमत्ता दोघांची समाईक. पती निवर्तला तर अर्धा भाग पत्नीचा स्वतःचाच राहतो. मृत्युपत्र नसेल तर उरलेला अर्धा मुलगे आणि मुली यांच्यांत सारखा वाटला जातो. तीन मुले असतील तर प्रत्येकास अर्ध्याचा तिसरा भाग, म्हणजे १/६. भास्कराचार्यांची प्रभागजाति ती हीच. त्यांतील एक मुलगा आधीच वारला असेल आणि त्यास दोन मुले असतील तर त्याचा १/६ त्या दोघांत, म्हणजे १/१२ प्रत्येकी. आता सर्वांचे हिस्से एका कागदावर मांडायचे म्हणजे छेद सारखे केले पाहिजेत : आईचे ६/१२, दोघा मुलांचे २/१२ आणि २/१२, नातवंडांचे १/१२ आणि १/१२. बेरीज बारा-बारांश, म्हणजे पूर्ण एक. समच्छेद करणे म्हणतात ते हेच.

असाच एक कागद घेऊन ओळखीच्या एक वृद्ध काकी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा अर्धा भाग आहे, हे यजमान गेल्यापासून सर्वांनी त्यांना सांगितले होते. आणि कागदावर मात्र ६/१२ होते. "अर्ध्याचे हे काय केले रे यांनी? बारा तुकड्यांत माझा अर्धा कुठे गेला?" असे म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. दोन रात्री त्यांना झोप नव्हती, आणि पोटच्या मुलांविषयी मनात संशय आला होता. आम्ही विचारले, "काकी, रुपयाचे आणे किती?" "सोळा." "त्यांतले आठ आणे म्हणजे किती?" "अर्धा रुपया." "मग बारांतले सहा?" त्या कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली, आणि आम्ही चहा ठेवायला सांगितला. त्या मुलांनी काही गैर केलेले नव्हते आणि कागद बिनचूक होता. १/२ आणि ६/१२ एकच, एवढे एक वाक्य कोणीतरी त्यांना वेळीच सांगायला हवे होते.

छेद निरनिराळे असताना अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळविण्याची चूक सर्वत्र होते; १/२ आणि १/३ मिळून २/५. येथे आम्ही नियम सांगण्याआधी उत्तर दोरीवर पाहायला लावतो. अर्ध्यात काहीतरी मिळविले आणि उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आले. मूल स्वतःच हसते.

दशांश अपूर्णांक हे त्याच कुटुंबातील. छेद दहा, शंभर, हजार असा ठरलेला म्हणून तो लिहिण्याचे कारण उरत नाही, जागेवरून तो कळतो. येथे नेहमीची चूक अशी की ०.२५ हा ०.५ पेक्षा मोठा, कारण पंचवीस हे पाचांपेक्षा मोठे. रुपये समोर ठेवावे : ०.५ म्हणजे पन्नास पैसे, ०.२५ म्हणजे पंचवीस. आमची दोरी मीटरची असल्यामुळे पावाची चिंधी पंचवीस सेंटिमीटरवर येते, आणि १.२५ ची चिठ्ठी मुले न सांगता सव्वाच्या चिंधीला बांधतात. बाजारातील आजी, काटा आणि वही यांची गाठ तेथे पडते.

तृतीयांशाचे मात्र मीटरपट्टीशी जमत नाही. शंभर सेंटिमीटरचे तीन सारखे भाग करू गेले की ३३.३३ असे तीनच तीन येत राहतात. शंभर पैशांच्या रुपयाचेही तेच. जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे बारा पै, म्हणजे एकशेब्याण्णव पै. त्यांचा तिसरा हिस्सा चौसष्ट पै, बिनबाकी. पोर्तुगीज रुपयाच्या नऊशेसाठ रेइसांचा तिसरा हिस्सा तीनशेवीस, तोही बिनबाकी. दशमान पद्धती सोयीची खरी, पण तिघा भावंडांत रुपया वाटायचा तर जुनेच नाणे बरे होते. दोरी मात्र तीन पदरी सारखी दुमडली की तृतीयांश नेमका मिळतो, तेथे पट्टी लागत नाही. पुढील महिन्यात वर्गात तृतीयांश आणि षष्ठांश यांची दुसरी दोरी बांधायची आहे. त्यासाठी काथ्याची चांगली वळलेली तीन-चार मीटर दोरी ज्यांच्या घरी पडून असेल त्यांनी ती मुलाबरोबर पाठवून द्यावी. नायलॉनची नको, ती ताणली की लांबते.